सेंद्रिय घ्यावं की 'कमी फवारणीचं'?

दोन पाकिटं शेजारी शेजारी. एकावर 'सेंद्रिय', दुसऱ्यावर 'कमी रसायनांचं', आणि हिरवं पान दोन्हींवर. अशा वेळी मी पाकीट उलटं करते आणि मागचा बारीक मजकूर वाचते.

'सेंद्रिय' हा शब्द अनेक देशांत कायद्याने बांधलेला आहे. रासायनिक खतं आणि कृत्रिम कीटकनाशकं थांबवली म्हणून शेताला लगेच शिक्का मिळत नाही. अमेरिकेत ३ वर्षं जावी लागतात; युरोपीय संघात हंगामी पिकांना साधारण २, फळबागांना ३. शिवाय नियमित तपासणी होते. म्हणूनच पाकिटावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव किंवा क्रमांक शोधायचा. तो नसेल तर नुसत्या शब्दाचे जादा पैसे मी देत नाही. सुट्या फळावरच्या स्टिकरवर ९ ने सुरू होणारा पाच आकडी कोड असेल तर ते सेंद्रिय म्हणून विकलेलं असतं, पण हा कोड ऐच्छिक आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. सेंद्रिय शेतीतही फवारणी होते: गंधक, तांब्याची संयुगं, बीटी नावाचे किडी मारणारे जिवाणू. त्यामुळे दोन्ही प्रकारचा माल वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचाच.

आता 'कमी'. कशापेक्षा कमी? खरी मेख इथेच आहे. जपानने असले मोघम शब्द ग्राहकाला फसवतात हे ओळखलं आणि त्याऐवजी 'विशेष लागवड' ही मोजता येणारी व्याख्या आणली: त्या भागातल्या नेहमीच्या प्रमाणाच्या तुलनेत कृत्रिम कीटकनाशकांचा वापर आणि रासायनिक खतातलं नत्र, दोन्ही निम्मं किंवा त्याहून कमी. लेबलवर असा हिशेब असेल तर तो माल मी निर्धास्त घेते. 'अवशेषमुक्त' हे आणखी वेगळं. तिथे तपासलेल्या नमुन्यात कीटकनाशकांचे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडले नाहीत, एवढंच कळतं. पीक कसं वाढवलं ते कळत नाही.

पैसे मोजकेच असतील तर पालेभाज्या आणि सालासकट खायची फळं प्रमाणित घ्या. जाड साल काढून टाकायची असेल तिथे कमी फवारणीचं पुरेसं आहे. पण सेंद्रिय महाग म्हणून घरात भाजीच कमी आणणं, हे कृपा करून करू नका.

थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर लेबलपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा: शेवटची फवारणी कशाची केली, आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी केली?