ओबीडी स्कॅनर आणि आमची २०१४ ची गाडी: आठ महिन्यांनंतर

पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेले. घरात कुणी विकू देत नाही आणि दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतंच. म्हणून फेब्रुवारीत हजाराच्या आतला, ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि इंजिनच्या तापमानासारखे आकडे वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, अ‍ॅप उघडायचं, एवढंच.

पैसे वसूल झाले एप्रिलमध्ये, गाडी हीट व्हायला लागली तेव्हा. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्या उघडल्या निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलायला लागतंय." (हे इंजिनच्या हेडखालचं सील, ते गेलं तर पाणी सिलिंडरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये शिरतं.) अण्णा म्हणाले, "जरा थांब की. धूर पांढरा न्हाई, ऑइल दुधागत झालं न्हाई, मग गॅस्केट कसलं?" स्कॅनर लावून निघालो. वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ चढलो, इंजिनचं तापमान ९३ अंशांच्या पुढे गेलं नाही. परत येऊन बिंदू चौकात अडकलो आणि आकडा ९८, १०२, १०७. गाडी हलली की पुन्हा खाली. म्हणजे पळताना वारा लागतोय तोवर ठीक, उभ्या गाडीला वारा द्यायचं काम फॅनचं, आणि तोच फिरत नव्हता. रेडिएटर चोंदलेला असता तर चढावरच बोंब झाली असती. डॅशबोर्डवरचा काटा एवढा वेळ मधोमध निवांत! आमच्या गाडीत तो १०५ पर्यंत जागचा हलतच नाही, हे दहा वर्षांनी कळलं.

एसी लावला की फॅन फिरायला हवा, तरी बंद. हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) काढून फॅनला लावला (आमच्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत), तरी बंद. शेवटी बॅटरीवरून थेट वायर दिली, मोटरीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोनदा ठोकलं, तेव्हा घरघरत फिरली. मोटरीच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले. उद्यमनगरात मोटर बदलली. आता ९७ ला फॅन लागतो, ९१ ला सुटतो. इंजिन खोलायचं वाचलं.

जुलैच्या पावसात गाडी मिसिंग मारायला लागली. कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. इथं बरेच जण फसतात. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. प्लग, कॉइल, इंजेक्टर, काहीही असू शकतं. मी दोन आणि तीनच्या कॉइलची (प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग) अदलाबदल केली, कोड पुसला, रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो. आता पी ०३०३. तक्रार कॉइलबरोबर सरकली, म्हणजे कॉइलच. एक कॉइल घेतली, प्लग तेच आहेत. पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो मात्र काढा, बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते.

आता तक्रारी. त्या सॉकेटला चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट चालूच असतो. गणपतीत स्कॅनर तसाच ठेवून दहा दिवस गावाला गेलो, आलो तर सेल्फ नुसता कट् कट्. गल्लीतल्या पोरांनी ढकलून दिली. चूक माझीच, पण डब्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड तो वाचत नाही, निदान माझ्या गाडीत तरी. आणि सकाळी सेल्फ जड फिरायचा, तेव्हा अ‍ॅप इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट दाखवून मोकळं झालं. अल्टरनेटर ठीक, एवढंच त्यातून कळलं. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर धरला तर १.१ व्होल्ट! तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली. घासून घट्ट केली, काम झालं. तेव्हा स्कॅनरबरोबर मल्टिमीटरही घ्याच.

सध्या खड्ड्यात गेलं की डाव्या बाजूनं ठकठक येते. त्याचा कोड येत नाही. अण्णांनी चाकाजवळ बसून हातानं हलवून बघितलं आणि सांगितलं, लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली एक छोटी दांडी. रविवारी खोलणार आहे.