शेळ्यांसाठी छोटं बकेट मिल्किंग मशीन: रोज वापरणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

शेळ्यांची धार काढायला मशीन घ्यावं का असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझ्याकडचं मशीन छोटं आहे, चाकांवर ढकलता येणारं, एक व्हॅक्यूम पंप, एक पल्सेटर, झाकणवाली स्टीलची बकेट आणि एका वेळी एकच शेळी लागेल असा दोन कपांचा क्लस्टर, म्हणजे सडांना लावायचे कप आणि त्यांच्या नळ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण याच साच्याची मशीन कितीतरी जण बनवतात आणि चांगलं-वाईट ठरतं ते आतल्या दोन-तीन पार्टवर, त्याबद्दलच जास्त लिहिलंय.

आधी सरळ मत सांगते. सहा-सात किंवा त्याहून जास्त दुभत्या शेळ्या असतील तर घ्या. दोन-तीनच असतील तर हातानेच काढा, कारण मशीन नीट धुवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन शेळ्यांची धार आरामात होते. मशीन घेतल्यावर सकाळचा अर्धा तास वाचेल असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, वेळ फार वाचत नाही. वाचतात ते हात. दिवसातून दोनदा, वर्षातले बहुतेक सगळे दिवस धार काढणाऱ्याचं मनगट आणि अंगठ्याचा सांधा काय बोलतो ते त्यालाच माहीत, त्यात पहिलटकरणींचे सड इतके बारीक असतात की मुठीत येतच नाहीत, चिमटीनेच ओढावं लागतं, आणि चिमटीने ओढलं की शेळीलाही दुखतं आणि आपल्यालाही. अशा शेळ्यांसाठी मला मशीन सगळ्यात जास्त आवडलंय.

आता पल्सेटर. हा पार्ट नीट समजून घेतल्याशिवाय कुठलंही मशीन घेऊ नका प्लीज. कपाच्या आत जो रबरी किंवा सिलिकॉनचा नळीसारखा भाग असतो, लायनर, तो उघडतो आणि मिटतो. उघडतो तेव्हा दूध येतं, मिटतो तेव्हा सडाला मसाज मिळतो आणि सडाच्या टोकाला साठलेलं रक्त परत वर जातं. हे उघडमीट करायचं काम पल्सेटरचं. बाजारात स्वस्तातली अशीही मशीन मिळतात ज्यांना पल्सेटरच नसतो, नुसता पंप सतत ओढत राहतो, दूध येतं, पटापट येतं, बघणाऱ्याला वाटतं काय मस्त, पण सडाला एक क्षण विश्रांती नाही, टोकं लाल होतात, सुजतात, कडक होतात आणि तिथून कासेचा आजार आत शिरायला वाट मिळते. असलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दुसरं, गायीचं मशीन आणि शेळीचं मशीन हे नुसतं दोन कप कमी-जास्त एवढंच नाहीये. गायीला पल्सेटरचे मिनिटाला साधारण ६० ठोके, म्हणजे लायनरची उघडमीट, लावतात, शेळीला त्याहून जलद, ७० ते ९० च्या आसपास. ओढ, म्हणजे पंपाचा व्हॅक्यूम, मात्र गायीपेक्षा कमी हवी, ३६ ते ४० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या इंचात दाखवणाऱ्या गेजवर (ओढ मोजायच्या काट्यावर) साधारण ११ ते १२. माझ्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात सगळे आकडे गायीचेच छापलेले होते, शेळीबद्दल एक ओळ नाही, ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. शेळीचा क्लस्टर लावून विकता तर शेळीचं सेटिंग लिहून द्यायला नको का? रेग्युलेटर फिरवून ओढ कमी करता येते, ती सोय चांगली आहे, पण नवीन माणसाला हे कळणार कसं. गेज नसलेलं मशीन तर बघूच नका, ओढ किती आहे हे कानाने कळत नाही, काट्यानेच कळतं. मी रोज पंप चालू केला की आधी काटा बघते, मगच पहिली शेळी स्टँडवर घेते.

धार काढायचं काम कसं चालतं तेही लिहिते, कारण मशीन आलं म्हणून त्यातलं काही कमी होत नाही. शेळी स्टँडवर चढते, खुराकात तोंड घालते, मी सड पुसून घेते आणि कोरडे करते, ओल्या सडावर कप लावला की तो घसरतो आणि घाण पाणी आत ओढलं जातं. मग प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा हाताने जाळीच्या कपात. इथे दूध बघायचं, गुठळी, दोरा, पाण्यासारखं पातळ, काहीही वेगळं दिसलं तर ती शेळी मशीनला लावायची नाही, तिचं दूध शेवटी हाताने वेगळ्या भांड्यात. मशीनमध्ये एका शेळीचं दूध आत गेलं की तोच लायनर पुढच्या शेळीच्या सडाला लागणार आहे हे लक्षात ठेवा. म्हणून क्रमही ठरलेला असावा, पहिलटकरणी आधी, मग तब्येतीने ठणठणीत असलेल्या मोठ्या, आणि ज्यांना पूर्वी कासदाह होऊन गेलाय त्या शेवटी.

शेळीचं बरचसं दूध कासेच्या खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, गायीसारखी पान्ह्याची फार वाट बघावी लागत नाही, त्यामुळे कप लावले की लगेच धार सुरू होते आणि बहुतेक शेळ्या दोन-तीन मिनिटात मोकळ्या होतात. पारदर्शक नळीतून दूध जाताना दिसतं हे मला फार उपयोगी वाटतं. धार बारीक झाली की थांबायचं. बंद करून ओढ गेली की मगच कप काढायचे, चालू ओढीत उपटून काढायचे नाहीत. रिकाम्या कासेवर मशीन चालू ठेवणं हे सडासाठी सगळ्यात वाईट. काही शेळ्यांची कास एकीकडे मोठी एकीकडे छोटी असते, छोटी बाजू आधी रिकामी होते, म्हणून दोन्ही कपांना वेगवेगळा बंद करायचा खटका असलेलाच क्लस्टर घ्या. माझ्या मशीनला तो आहे आणि मी त्याला पूर्ण मार्क देते.

मशीन काढल्यावर कासेवरून एकदा हात फिरवून शेवटच्या धारा मी अजूनही हातानेच काढते, आणि तेही दुधापेक्षा तपासणीसाठी. कास गरम लागतेय का, एखादी गाठ आहे का, एक बाजू कालपेक्षा कडक आहे का, हे मशीन सांगत नाही. मशीन आल्यावर शेळीला हात लावणंच कमी होतं हा धोका मला खरंच वाटतो. मग सड आयोडीनच्या डिपमध्ये, म्हणजे जंतुनाशक द्रावणात, बुडवायचे आणि शेळीला लगेच बसू द्यायचं नाही, धार काढल्यावर सडाचं भोक काही वेळ उघडंच असतं. समोर ताजा चारा टाकला की ती आपोआप अर्धा-एक तास उभी राहते.

आता धुणं. खरं काम इथे आहे आणि जाहिरातीत याबद्दल कोणी बोलत नाही. धार संपली की लगेच कोमट पाण्याने आतून खळखळून काढायचं, कोमटच, कारण पहिल्याच पाण्याला उकळतं वापरलं तर दुधातलं प्रोटीन नळीला चिकटून बसतं. मग गरम पाणी आणि डेअरीचं अल्कली डिटर्जंट, ब्रशने लायनर, नळ्या, झाकणाचं गॅस्केट (कडेची रबरी रिंग), सगळं. अधूनमधून ॲसिडवालं वॉश, नाहीतर पांढरट दगडासारखा थर धरतो आणि त्यात जंतू लपतात. आणि एक अगदी महत्त्वाचं, क्लोरीनवालं डिटर्जंट आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, मधे साध्या पाण्याने धुवा, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो. धुऊन झालं की सगळं उलटं टांगून वाळवायचं, ओल्या नळीत रात्रभर काय वाढतं ते सकाळच्या दुधात येतं. माझ्या मशीनच्या झाकणाची खाच अरुंद आहे, ब्रश नीट पोचत नाही, दर वेळी गॅस्केट काढून बोटाने साफ करावं लागतं. डिझाइन करणाऱ्याने स्वतः एकदा धुऊन बघितलं असतं तर ही खाच अशी ठेवली नसती.

दुधाच्या चवीबद्दल पण विचारतात. मशीनच्या दुधाला वास येतो असं काही जण म्हणतात. येतो, पण कारण असतं. शेळीच्या दुधातली चरबी बारीक कणांची असते, ती जास्त घुसळली गेली, कुठून हवा आत येऊन फेस होत राहिला, तर कण फुटतात आणि दूध उग्र लागायला लागतं. म्हणून नळीला कुठे चीर आहे का, कप सरकून फुस्स आवाज येतोय का, हे बघत राहा, आणि दूध गाळून लवकरात लवकर ४ अंशापर्यंत थंड करा. एवढं पाळलं तर माझ्याकडे तरी हाताच्या आणि मशीनच्या दुधात कोणाला फरक कळत नाही.

आवाजाचं म्हणाल तर पंप गुरगुरतो, नवीन शेळ्या बिचकतात. त्यांना आधी काही दिवस स्टँडवर नुसता खुराक द्यायचा आणि पंप बाजूला चालू ठेवायचा, कप लावायची घाई नाही. शेळीला रोजची एकच वेळ, तोच माणूस, तोच क्रम आवडतो, एकदा सवय लागली की त्या स्वतःहून दारात रांग धरतात. नळ्या मात्र त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, त्या चावतात म्हणजे चावतातच. आणि लाइट गेली की मशीन ठप्प, म्हणून हाताने काढायची सवय मोडू देऊ नका, घरातल्या अजून एकाला तरी ती यायला हवी.

लायनर रबरी घ्यायचे की सिलिकॉनचे? रबरी स्वस्त पण दुधाची चरबी शोषून मऊ पडतात, ताण जातो, दर सहा महिन्यांनी बदललेले बरे, दिसायला चांगले असले तरी. सिलिकॉनचे जास्त टिकतात पण नख किंवा ब्रशची तार लागून बारीक चीर पडली की गेलेच. मी सिलिकॉन वापरते, आणि एक जादा जोडी कायम घरात ठेवते.

शेळ्या आटवल्या की, म्हणजे विण्याच्या आधीचे साधारण दोन महिने, मशीनही रिकामंच असतं. त्या काळात लायनर कपातून काढून, कोरडे करून, उन्हापासून लांब ठेवायचे, ताणलेले तसेच ठेवले तर आकार जातो. पल्सेटर उघडून त्यातली धूळ साफ करायची, पंपाला तेल लागत असेल तर बघायचं, आणि नवीन गॅस्केट-लायनर मागवायचे असतील तर तेव्हाच मागवा, कारण एकदा करडं आली आणि चीक पाजायची धावपळ सुरू झाली की पार्ट शोधत फिरायला वेळ मिळत नाही.