सीबायोपोर्टल: कॅन्सर जीनोमिक्समध्ये जायचंय तर आधी हे वापरा

बायोइन्फरमॅटिक्समध्ये एमएस्सी करताय आणि पुढे कॅन्सरवर रिसर्च करायचाय तर महागडे कोर्स राहू द्या, आधी ही साइट उघडा, फुकट आहे आणि कोडिंग येत नसलं तरी चालतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये सुरू झालेली, टीसीजीए म्हणजे द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस या अमेरिकन प्रकल्पाचा ३३ प्रकारच्या कॅन्सरचा डेटा बसल्या जागी बघता येतो. टीपी५३ या जीनचं नाव टाका, ऑन्कोप्रिंट नावाचा रंगीत तक्ता येतो, एकेक उभी पट्टी म्हणजे एकेक पेशंट, हिरवं दिसलं की मिसेन्स म्युटेशन (म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल बदलणारा जीनमधला बदल), लाल म्हणजे जीनच्या कॉपी वाढल्यात, तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं खरंच!

खटकतं एवढंच की टीसीजीएत भारतातले पेशंट फारच कमी. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर तंबाखूने गालाचा कॅन्सर झालेली माणसं बघितली की वाटतं, आपला डेटा आपणच बनवायला हवा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात, पीएचडी करायची असेल त्यांनी तर यावर हात बसवाच.