जहाज नऊला, दार सातला

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून आम्ही चौघं सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझला निघालो होतो. जहाज डोळ्यांनी पाहिलं, पाय मात्र लागला नाही. पैसे गेले ते गेलेच, पण एजंटाने ते ज्या सफाईने काढले ते सांगायला हवं.

एजंट नाशिकचाच, सोसायटीतल्या दोघांना आधी कुठेकुठे फिरवून आणलेला. त्याने पॅकेज विकलं ते मुंबईहून रात्रीच्या विमानाचं: सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरायचं, हॉटेलात आंघोळ-जेवण, दुपारी बोर्डिंग. निघायच्या दहा दिवस आधी फोन आला, ‘दादा, ते विमान रद्द झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळचं देतोय. काळजी नको, जहाज रात्री नऊला सुटतं.’ सोबत एक्सेलमध्ये बनवलेला तक्ता. विमान पोहोचणार 3.45 ला. आम्ही निवांत.

खरं तिकीट हातात आलं ते निघायच्या आदल्या रात्री अकराला. त्यावर पोहोचण्याची वेळ 18.15! सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. विमानाच्या तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ असते. याने तक्त्यात भारतातली लिहून ठेवली होती. मी फोन केला. ‘अहो, तरी पावणेतीन तास आहेत की! हवं तर लेट बोर्डिंगची परवानगी काढून देतो, माणशी तीन हजार.’ रात्री बारा वाजता मी 12,000 रुपये पाठवले, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर. शिकलेला माणूस मी, पण त्या वेळी बॅगा भरलेल्या होत्या आणि बाबा गजर लावून झोपले होते.

विमान वेळेवर उतरलं. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी करत मरीना बे क्रूझ सेंटरला पोहोचलो तेव्हा आठला दहा कमी. जहाज समोर उभं, दिवे लागलेले. काउंटरवरच्या मुलीने नावं पाहिली आणि सांगितलं, दार सातला बंद झालं. प्रवाशांची अंतिम यादी सरकारी यंत्रणेकडे गेली की नंतर कुणाला चढवत नाहीत. लेट बोर्डिंगच्या परवानगीचा कागद तिने उलटसुलट पाहिला. असं काही नसतंच, म्हणाली. मग तिच्या संगणकावरचा आमचा मूळ बोर्डिंग पास दाखवला. त्यावर आमची वेळ दुपारी दीड ते अडीच, आणि खाली ठळक अक्षरांत दार बंद होण्याची वेळ. एजंटाने पाठवलेल्या व्हाउचरवर फक्त ‘प्रस्थान 9 PM’ होतं.

परत आल्यावर एकेक उकलत गेलं. आधीच्या विमानाचा पीएनआर विमान कंपनीकडे नव्हताच. ते तिकीट काढलंच नव्हतं. दोन्ही तिकिटांतला फरक आणि एका दिवसाचं हॉटेल त्याच्या खिशात. प्रवास विम्याचा पॉलिसी नंबर विमा कंपनीला सापडला नाही. आणि एसजी अरायव्हल कार्डाचे, म्हणजे सिंगापूरला पोहोचण्याआधी भरायच्या ऑनलाइन फॉर्मचे, माणशी 1,500 घेतले होते, जे सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं.

त्याचं म्हणणं, ‘तुम्हीच उशिरा पोहोचलात.’ क्रूझ कंपनीच्या नियमात न पोहोचणाऱ्याला परतावा नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर खात्यातले पैसे निघून गेले होते. ग्राहक आयोगात आता प्रकरण आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. वकील म्हणाले, तो तक्ता जपून ठेवा, त्यातली 3.45 हीच आपली साक्षीदार.

पुढे कुणी जाणार असेल तर क्रूझ कंपनीचा मूळ बोर्डिंग पास आणि विमानाचा पीएनआर पैसे पूर्ण देण्याआधी मागा, आणि दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचा.

त्या रात्री आम्ही टर्मिनलबाहेरच बसलो होतो. नऊला भोंगा झाला. बाबा घड्याळ पाहून म्हणाले, ‘वेळेवर सुटलं हो.’