वाकडे लेव्हलर, सरळ ट्रेलर: एका मोसमाच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकतो. ट्रकमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला कॅम्पिंगचा ट्रेलर डबल ॲक्सलचा (म्हणजे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं) असेल आणि तो सपाट उभा करायला अजून प्लास्टिकच्या ठोकळ्यांची चळत लावून त्यावर चाकं चढवत असाल, तर हे कमानदार लेव्हलर घ्या. जोडी शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळते. आम्ही कोलोराडोत राहतो. ट्रेलर २४ फुटी, एक स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग), आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत तो घरापुढे कमी, डोंगरात जास्त.

वस्तू साधी आहे. एका टोकाला निमुळता आणि दुसरीकडे जाड होत गेलेला दणकट प्लास्टिकचा कमानदार तुकडा, सोबत एक पाचर. जी बाजू खाली असेल तिकडच्या चाकांपुढे हे ठेवायचे आणि ट्रक अगदी सावकाश हलवायचा. चाक चढत जातं तसा ट्रेलर वर येतो. सरळ झाला की थांबायचं आणि खालच्या फटीत पाचर सरकवायची. अर्ध्या इंचापासून चार इंचांपर्यंत हवं तिथे थांबता येतं, आणि खरी किंमत त्याचीच आहे. दोन्हीकडच्या चाकांमधलं अंतर साधारण साडेसहा फूट असतं. म्हणजे एक अंशाचा कल काढायला सव्वा इंचाहून थोडं जास्त उचलावं लागतं. ठोकळे वाढतात इंचाइंचाने. एक कमी पडतो, दोन जास्त होतात, आणि प्रत्येक वेळी खाली उतरून पुन्हा मांडामांड. दमून आलेल्या माणसांची भांडणं नेमकी इथेच होतात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी आडवं, म्हणजे डावं-उजवं, लेव्हल, तेही ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच. मग दुसऱ्या बाजूच्या चाकांना चॉक, म्हणजे घरंगळू नये म्हणून अडसर. त्यानंतरच हिच, म्हणजे ट्रकशी असलेली जोडणी, सोडायची आणि पुढच्या जॅकने लांबीचा कल काढायचा. कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर (खाली सोडायचे टेकू) शेवटी, आणि तेही फक्त जमिनीला घट्ट टेकतील इतकेच. ते हलणं थांबवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत. शेजारच्या साइटवर लोक ड्रिल लावून त्यांच्यावर अख्खा ट्रेलर उचलताना दिसतात, तेव्हा फ्रेमची दया येते. स्लाइड-आउट या सगळ्यानंतर बाहेर काढायचं.

एवढा खटाटोप कशाला, असं पाहुणे विचारतात. त्यांना धिरडी करायला बसवावं. तव्यावरचं पीठ एका कडेला जाऊन साचतं, तिकडे जाड गोळा आणि इकडे पापड. शॉवरचं पाणी भोकाकडे जात नाही, आणि सासूबाईंना उताराकडे डोकं आलं की रात्रभर झोप नाही. पण हे सगळं चालवून घेता येईल. चालवून घेता येत नाही तो फ्रिज.

आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, गॅसवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांतून फिरतात. खालची ज्योत मिश्रण उकळवते आणि द्रव परत खाली येतो तो निव्वळ गुरुत्वाकर्षणाने. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही कल्पना काढली, आणि ती आजही आमच्या श्रीखंडाचा डबा गार ठेवते, हे मला अजून अजब वाटतं. पण ट्रेलर कलला की द्रव वाटेत अडतो, उकळीची नळी कोरडी तापते, गंज थांबवण्यासाठी घातलेलं रसायन आत बसतं आणि नळी कायमची चोंदते. उत्पादक साधारणपणे, फ्रिजच्या दाराकडे तोंड करून पाहिलं तर, डावीउजवीकडे ३ आणि पुढेमागे ६ अंशांपर्यंतचा कल चालवून घेतात. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो, म्हणून प्रवासात तितकी भीती नाही. धोका एका जागी तासन् तास कललेलं राहण्याचा. कोलोराडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानातल्या पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडला वीज-पाण्याची जोडणी नाही, तिथे सगळी मदार गॅसवर. नव्या ट्रेलरांत १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, ते एवढे नाजूक नसतात.

आता तक्रारी. डबल ॲक्सलला एका बाजूची दोन्ही चाकं उचलावी लागतात, आणि दोन चाकांमधली फट अरुंद असते. आमच्या ट्रेलरला जाड टोक मागच्या टायरला अडत होतं, ते करवतीने कापावं लागलं. ही मुभा माहितीपत्रकातच होती, तरी नवीकोरी वस्तू कापताना हात धजत नाही. काँक्रीटवर तुकडा चाकापुढे घसरत जातो; खाली रबरी मॅट हवीच. ओल्या मातीत तो रुतून बसतो, तिथे प्लायवूड घालावं. आणि चार इंच म्हणजे चारच इंच. त्याहून जास्त कल असेल, तर फळ्या रचत बसण्यापेक्षा साइटवरच ट्रेलर दोन-चार फूट पुढेमागे घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

मोजायला मी फोनवर आकडे दाखवणारा ब्लूटूथ मीटरही लावला. चालवणाऱ्याला ट्रकमध्ये बसूनच कल दिसतो, मागे उभं राहून ‘अजून थोडं, थांब, थांब म्हटलं ना!’ करावं लागत नाही. हिच सोडतानाची उंचीही तो लक्षात ठेवतो, निघताना जोडणं सोपं जातं. थंडीत मात्र आमचा मीटर फोनला सापडायला वेळ लावतो, म्हणून बाहेरच्या भिंतीवर चिकटवलेली बुडबुड्याची छोटी पाणसळ मी काढलेली नाही. एकटे जात असाल तर मीटर घ्या. दोघं असाल आणि एकमेकांचे हातवारे समजत असतील, तर पाणसळ पुरते.

सिंगल ॲक्सलचा छोटा, हलका ट्रेलर असणाऱ्यांनी जोडी घेऊ नये, एकच नग पुरतो.