'फ्लॅशफॉरवर्ड' : घाई भलतीकडेच

'फ्लॅशफॉरवर्ड'च्या पहिल्या भागाइतकी दमदार सुरुवात फार थोड्या सायन्स फिक्शन मालिकांना मिळाली असेल. ६ ऑक्टोबर २००९ ला जगभरातली माणसं एकाच क्षणी बेशुद्ध पडतात आणि २ मिनिटं १७ सेकंदांनी शुद्धीवर येतात. तेवढ्या वेळात त्यांनी २९ एप्रिल २०१० या दिवशीचं स्वतःचं आयुष्य पाहिलेलं असतं. एफबीआयचा मार्क बेनफर्ड उलटलेल्या गाडीतून बाहेर येतो, तर लॉस एंजेलिसच्या हायवेवर गाड्यांचा खच पडलेला, सगळीकडे धूर. आणि नंतर ओस पडलेल्या रस्त्यावरून एक कांगारू उड्या मारत निघून जातं.

खरी गंमत त्यापुढे आहे. दारू सोडलेल्या मार्कनं स्वतःला पिताना पाहिलंय. त्याची डॉक्टर बायको ऑलिव्हिया हिनं स्वतःच्याच घरात परका पुरुष पाहिलाय, आणि तो आपला आहे असं तिला वाटतंय. मार्कचा एफबीआयमधला जोडीदार डिमेट्री याला काहीच दिसलेलं नाही. म्हणजे एप्रिलपर्यंत तो जिवंत नसणार. आणि त्याचं लग्न ठरलंय! मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सगळं आधीच ठरलेलं असतं का, हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. या मालिकेनं तो प्रश्न थेट माणसांच्या घरात नेऊन ठेवला होता, म्हणून माझा तिच्यावर एवढा जीव.

पण पहिल्या भागाच्या शेवटी डेट्रॉइटच्या स्टेडियममधलं सीसीटीव्ही फुटेज येतं. हजारो माणसं निपचित पडलेली आणि त्यांच्यातून एकजण शांतपणे चालत जातोय. दृश्य जबरदस्त आहे, अंगावर काटा येतो, पण माझ्या मते मालिकेची वाट तिथेच चुकली. 'कळलेल्या भविष्याचं माणूस काय करतो' हा प्रश्न मागे पडला आणि 'हे कुणी केलं' हा पुढे आला. मग कटवाले आले, अंगठ्या आल्या, बुद्धिबळाचे डाव आले, सोमालियातले मनोरे आले. एका कोड्याचं उत्तर मिळायच्या आत दुसरं हजर. लोक या मालिकेला संथ म्हणतात, ते मला पटत नाही. कटाच्या मागे ती धापा टाकत पळते. ताटकळत राहतात ती माणसं. ऑलिव्हिया आणि मार्क तर संशय, भांडण, माफी या फेऱ्यातून कितीतरी भाग बाहेरच पडत नाहीत.

काय होऊ शकलं असतं, ते सातव्या भागात दिसतं. एफबीआयचा अ‍ॅल गॉफ याला भविष्यात कळलेलं असतं की आपल्या हातून सीलिया नावाच्या बाईचा जीव जाणार आहे. तो तिला ओळखतही नाही. ती दोन मुलांची आई आहे, एवढंच त्याला ठाऊक. तो तिच्यासाठी चिठ्ठी ठेवतो, ऑफिसच्या गच्चीवर जातो आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खाली उडी टाकतो. भविष्य बदलता येतं याचा पहिला पुरावा त्यानं स्वतःचा जीव देऊन दिला. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाही. या एका मृत्यूवर पुढचा अख्खा सीझन उभा राहायला हवा होता: त्या बेशुद्धीत झालेल्या दोन कोटी मृत्यूंनंतर जगणाऱ्या माणसांना आता कळलंय की पाहिलेलं टाळता येतं, मग कोण टाळेल आणि कोण मुद्दाम घडवून आणेल? मालिका या प्रश्नापाशी अधूनमधून येते, पण थांबत नाही.

ब्राइसची गोष्टही अशीच. कॅन्सर झालेला हा तरुण डॉक्टर समुद्रावरच्या धक्क्यावर स्वतःला गोळी घालायच्या बेतात असतो, तेवढ्यात जगाची शुद्ध हरपते. भविष्यात त्याला एक जपानी मुलगी भेटते. ती केइको. टोकियोत मोठ्या कंपनीत नोकरी लागलेली, पण तिथे तिला चहा द्यायला लावतात. दोघांच्या वाट्याला जवळजवळ पूर्ण भाग आला आहे आणि तो या मालिकेतला सर्वांत निवांत, सर्वांत जिवंत भाग आहे. पुढे मात्र त्यांना तुकड्यातुकड्यांत, दोन पाठलागांच्या मधल्या फटीत बसवलंय.

मालिकेवर बाहेरूनही आघात झाले, हे मान्य. पहिला भाग अमेरिकेत सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पाहिला होता. डिसेंबर २००९ मध्ये दहाव्या भागानंतर मालिका थांबली, ती थेट मार्चच्या मध्यावर परतली. त्या वर्षात सूत्रंही एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कथेतला २९ एप्रिल खऱ्या कॅलेंडरवर उलटून गेला आणि शेवटचा भाग २७ मे ला दाखवला गेला, तोवर मालिका बंद करायचा निर्णय जाहीर झालेला. पण २२ भागांचा पसारा मांडला नसता तर? या गोष्टीला तेरा भाग पुरेसे होते. तारीख ठरलेली, मुक्काम ठरलेला. दर भागागणिक गळ्याभोवतीचा फास आवळत जायला हवा होता.

शेवटच्या भागात जग दुसऱ्यांदा बेशुद्ध पडतं. मार्कची मुलगी चार्ली भविष्यात मोठी झालेली दिसते आणि कुणीतरी तिला सांगतं, 'तो सापडला.' दुसरा सीझन आलाच नाही. तरीही पहिला, सातवा आणि ब्राइस-केइकोचा भाग जरूर पाहा. मधले सोमालियाचे भाग गाळलेत तरी चालेल.