हाडं ठिसूळ असलेल्या लेकराचे दात दाखवायचे असतील तर इथेच दाखवा

आम्ही अमळनेरचे, दातांसाठी जळगावला या दवाखान्यात चार चकरा झाल्या म्हणून आता लिहितेय. मुलगी साडेपाच वर्षांची, तिला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आहे, म्हणजे जन्मापासून हाडं ठिसूळ, आतापर्यंत तीन फ्रॅक्चर, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर. आणि दात आले तेच करड्या-तपकिरी रंगाचे, उजेडात बघितलं तर काचेसारखे आरपार वाटायचे. सासूबाई म्हणायच्या "पोरना दात सडी ग्यात वं माय" आणि मी दिवसातून तीनदा घासून घ्यायचे, इतकं की हिरड्यांतून रक्त यायचं. आधी एका ठिकाणी दाखवलं तर म्हणे कीड आहे, चॉकलेट बंद करा. आमच्या घरात चॉकलेट येतच नव्हतं हो, बसमध्ये रडत आले मी त्या दिवशी.

इथल्या मॅडमनी तोंड बघायच्या आधी फ्रॅक्चरचे कागद मागितले. सलाईनमधून हाडांचं औषध चालू आहे म्हटल्यावर मुंबईच्या डॉक्टरांना आमच्यासमोरच फोन लावला, कारण ते औषध घेणाऱ्याचा दात काढायचा असला तर आधी विचार करावा लागतो, जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. मग एक्स-रे दाखवला. दाढ वरून फुगीर आणि हिरडीपाशी एकदम बारीक, मुळं आखूड, आणि मधे नसेची जी पोकळी असते ती जवळजवळ बुजलेली.

मी विचारलं दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमलच खराब आहे का, तर म्हणाल्या नाही, इनॅमलमध्ये 96 टक्के खनिजच असतं आणि हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन त्यात नसतं, म्हणून ते बहुतेक वेळा बरंच नॉर्मल असतं. बिघाड त्याच्या खालच्या थरात, डेंटिनमध्ये आहे, ते हाडासारखंच टाईप 1 कोलॅजनवर उभं असतं. याला डेंटिनोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, हाडांच्या या आजारात सगळ्यांनाच होतं असं नाही. भिंत आतून भुसभुशीत असली तर वरचा गिलावा कितीही चांगला लावा, पोपडे निघतातच, तसं इनॅमल टवके उडून जातं आणि उघडं पडलेलं मऊ डेंटिन झिजत जातं. रंगही आतूनच दिसतो, घासून तो जाणारच नाही. हे ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मागच्या दाढा झिजून हिरडीला टेकायच्या आत त्यांना स्टीलच्या कॅप लावल्या. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, एक हात सतत जबड्याखाली, तोंड जबरदस्तीने उघडलं नाही, दमली की थांबायच्या. या आजारात दुधाचे दात जास्त झिजतात, पक्के जरा बरे येऊ शकतात, पण सहाव्या वर्षाची दाढ आली की लगेच दाखवायला सांगितलंय.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोरीने दादर ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता खाल्ली, कडेचा कडक पापुद्रासुद्धा, चावताना माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं मी ते कुस्करून देत होते.

तक्रार एकच, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अशा लेकराला कडेवर घेऊन जिना चढताना जीव मुठीत धरावा लागतो, खाली एक खुर्ची आणि धरायला माणूस ठेवला तरी फार बरं होईल. वेळ सकाळची घ्या, संध्याकाळी गर्दी असते.

आणखी एक, हा आजार आईबापाकडून येऊ शकतो, आजार असलेल्याच्या प्रत्येक मुलाला बहुतेक वेळा 50 टक्के शक्यता. आमच्या ह्यांचे दात असेच आहेत, पार झिजलेले, लोक तंबाखू खातो समजायचे म्हणून ते आजही तोंडावर हात धरून हसतात, आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. मॅडमनी त्यांच्याकडे बघून नुसतं विचारलं, लहानपणी तुमचीही हाडं मोडायची का? पुढच्या महिन्यात पोरीची तारीख आहे, त्याच दिवशी ह्यांनीही नंबर लावलाय.